माणूस आत हाय

गिरिजाक्कांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य होतं, "पूल पडला की गं! बघितलंस का?"

बार्शीच्या शाळेतून बदली होऊन मी सोलापुरात राहायला आले, तो दिवस. हमाल माझं कपाट अरुंद जिन्यावरून वर चढवत होते आणि मी दोन कुंड्या कवटाळून भिंतीला चिकटून उभी होते. समोरच्या दारातून एक ठेंगणी, भरल्या अंगाची बाई बाहेर आली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, त्यावर ठसठशीत कुंकू आणि हातात रिमोट. मी घाबरून आधी कपाटाकडे बघितलं, मग जिन्याकडे.

"कुठला पूल?"

"अगं, तिकडं लांब, उत्तरेत कुटंतरी. नवा कोरा पूल! आत ये, परत दाखवतायत."

कुंड्यांसकट मी त्यांच्या घरात गेले आणि तो पूल तीनदा पडताना बघितला. त्यानंतर त्यांनी मला माझं नाव विचारलं, पाणी दिलं आणि जेवल्याशिवाय जायचं नाही असा दम भरला. शेंगाचटणी आणि कडक भाकरीचं ते जेवण मी एका रेल्वे अपघाताच्या आणि दोन पुढाऱ्यांच्या भांडणाच्या साक्षीनं जेवले.

आक्कांच्या घरी टीव्ही सकाळी आंघोळीनंतर लागायचा, तो निजानीज होईतो चालायचा. त्यांचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरातलं बोलणं अर्धं कन्नड, अर्धं मराठी, त्यामुळे मराठी चॅनेलवर ऐकलेला अपघात कन्नड चॅनेलवर पडताळून बघायची त्यांना सवय होती. टीव्हीवर जाहिराती लागल्या की फोन. तो मांडीवरच असायचा. भाजी चिरताना एक डोळा विळीवर आणि एक फोनवर, हे कसब मी दुसऱ्या कुणात पाहिलं नाही. "माहिती पायजे बाई माणसाला," त्या म्हणायच्या, "न्हाईतर आपण आणि ही भिंत, फरक काय?"

त्यांना हसावं असं मात्र मला कधी वाटलं नाही. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. कुठल्या तरी कारखान्यात आग लागून माणसं गेली तर त्या रात्री आक्का खरोखर जेवायच्या नाहीत. जगात जे जे वाईट घडे, ते जणू त्यांच्याच ओसरीवर येऊन पडे.

त्यांचे यजमान मल्लिनाथकाका या सगळ्या गलबल्यात शांतपणे राहत. भुसार बाजारात त्यांचं वडिलोपार्जित धान्याचं दुकान होतं. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तसं ते त्यांनी देऊन टाकलं होतं. मुळातच मितभाषी माणूस. जेवताना मीठ लागलं तर टीव्हीच्या आवाजावर आवाज चढवण्यापेक्षा ते स्वतः उठून मीठ घेऊन यायचे.

मला सोलापुरात येऊन दोनेक वर्षं झाली असतील. वैशाखातली दुपार होती, शाळेला सुट्टी होती. मी विरजण मागायला आक्कांकडे गेले. दार नेहमीप्रमाणे उघडंच होतं. आक्का टीव्हीसमोर हात जोडून उभ्या होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. कुठल्याशा राज्यात एक लहान पोर बोअरच्या खड्ड्यात पडलं होतं आणि त्याला काढायचे प्रयत्न कालपासून चालले होते.

"दोर सोडलाय बघ आत! काढतायत, काढतायत!"

मला मात्र आतल्या खोलीकडून कसलातरी आवाज ऐकू आला. फरशीवर काहीतरी आपटल्याचा, थांबून थांबून येणारा.

"आक्का, आत काय वाजतंय?"

"वरच्यांचं फरशीचं काम चाललंय की सकाळपासनं," नजर न हलवता त्या म्हणाल्या.

मी आत गेले. मोरीच्या दाराशी काका आडवे पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. डाव्या हातातला तांब्या ते फरशीवर आपटत होते.

दवाखान्यात नेईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. "थोडं लवकर आणायला हवं होतं," डॉक्टर सहज म्हणून गेले. आक्कांनी विचारलं, "किती लवकर?" डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि पुढच्या पेशंटचा कागद उचलला.

संध्याकाळी आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये बसलो होतो. तिथंही भिंतीवर टीव्ही होताच. एकाएकी हॉलमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या पोराला जिवंत बाहेर काढलं होतं. शेजारच्या एका बाईनं आनंदानं आक्कांचा खांदा हलवला, "वाचलं हो पोरगं!"

"वाचलं? बरं झालं," आक्का म्हणाल्या. मग उठल्या, प्लास्टिकची खुर्ची उचलली, फिरवली आणि टीव्हीकडे पाठ करून बसल्या.

काका घरी आल्यावर त्या घरातला टीव्ही लागला नाही. आक्कांनी शपथ वगैरे घेतली नव्हती. आवाजात काका ऐकू येत नव्हते, एवढंच कारण होतं. त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता, "तसं." भूक लागली तरी "तसं", पाय दुखला तरी "तसं", राग आला तरी "तसं". त्यातला भुकेचा कुठला आणि दुखण्याचा कुठला, हे ओळखायला कान देऊन बसावं लागे. महिन्याभरात आक्कांना त्यातले बरेचसे ओळखू येऊ लागले. एकदा मला म्हणाल्या, "चाळीस वर्षं हा माणूस समदं बोलू शकत होता गं. तवा मी तिकडं ऐकत बसले."

त्याबद्दल त्या एवढंच बोलल्या. नंतर कधीही नाही.

पण सवय अशी सुटते थोडीच! हात रिमोट शोधायचा. टीव्हीच्या कोऱ्या काचेकडे त्या उगाच बघत बसायच्या. दोन-चार दिवसांनी माझ्या दारात येऊन हळूच विचारायच्या, "काय झालं गं बाहेर?" आणि मी सांगायला लागले की कानावर हात ठेवून म्हणायच्या, "नको, नको! सांगू नगंस!" शेवटी एक दिवस फोन घेऊन आल्या. "ह्यातलं समदं काढ. फोन यावा आणि जावा, बाकी काय नको." मी एकेक काढत गेले. शंभरावर ग्रुप निघाले. त्या शेजारी बसून, दात काढून घेणाऱ्या माणसासारखं तोंड करून, बघत होत्या.

मग मोकळ्या हातांना काहीतरी हवं म्हणून त्यांनी लोकरीचं विणकाम घेतलं. काकांसाठी स्वेटर म्हणून सुरू झालेलं प्रकरण टोपीवर थांबलं, आणि ती टोपी शेवटी चहाच्या किटलीला बसली. गच्चीवर भाज्या लावल्या, तर आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड आणि ऊन रोजचं. मिरचीची रोपं आठवड्यात कोळपली. भजनी मंडळात गेल्या, तर तिथं भजनाआधी आणि नंतर सगळ्याजणी फोनमध्ये मान घालून. "तितं बसले असते तर परत सवय लागली असती की," म्हणत त्या दुसऱ्याच दिवशी तिथून सुटल्या.

काकांना बोलतं करण्यासाठी नाझनीन नावाची एक तरुण स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येत असे. हसरी, चिकाटीची मुलगी. तिनं सांगितलं होतं की अशा काही पेशंटना बोलता येत नाही, पण गाता येतं. लहानपणापासून तोंडात बसलेलं काही असेल तर तेही निघून येतं कधीकधी. प्रत्येकाला जमतंच असं नाही, पण करून बघा. आक्कांनी आरत्या म्हटल्या, अंगाईगीतं म्हटली, सिनेमातली गाणी म्हटली. आवाज म्हणाल तर पिठाच्या गिरणीसारखा. काका मान हलवून ऐकायचे आणि म्हणायचे, "तसं."

त्यांच्या गावाकडून वर्षाची ज्वारी आली, तेव्हा आम्ही दोघींनी एक पोतं वाटून घ्यायचं ठरवलं. काका खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. आक्कांनी माळ्यावरून दुकानातलं जुनं लोखंडी माप काढलं आणि जमिनीवर बसून ज्वारी मोजायला घेतली. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. बाजारातले जुने मापाडी ते आकडे एका विशिष्ट हेलात, लांबवून म्हणत. आक्कांनीही सासऱ्यांच्या दुकानात ऐकलेल्या त्याच हेलात कन्नडमधून सुरुवात केली. "लाभाऽऽ..." माप माझ्या चादरीवर ओतलं. "एरडाऽऽ..." म्हणजे दोन.

तेवढ्यात मी काहीतरी विचारलं. आक्का उत्तर द्यायला थांबल्या आणि मग मापाकडे बघून म्हणाल्या, "थांब गं, किती झालं?"

"मूराऽऽ," खुर्चीतून आवाज आला.

मूरु म्हणजे तीन. मापाड्याच्या हेलातलं, लांबवलेलं, स्वच्छ तीन.

आक्का हातातलं माप तसंच धरून बसल्या होत्या. त्यांनी काकांकडे बघितलं नाही. पाखरू उडून जाईल या भीतीनं बघू नये, तशा. अगदी सावकाश त्यांनी ते तिसरं माप ओतलं, चौथं भरलं आणि न बोलता हात वर धरला.

"नाल्काऽऽ," काका म्हणाले. चार.

त्या दुपारी आम्ही ते पोतं किती वेळा मोजलं कोण जाणे. चादरीवरची ज्वारी परत पोत्यात, पोत्यातली चादरीवर. काकांचा आवाज तापत गेला. पंचाहत्तरीतला लुळा माणूस खुर्चीत ताठ होऊन, पेठेत उभा राहिल्यासारखा आकडे पुकारत होता. आक्कांच्या केसांत, पदरावर धान्याची धूळ बसली होती. शेवटी काका दमून डोळे मिटून बसले, तेव्हा त्या माझ्या कानाशी येऊन पुटपुटल्या, "बघितलंस? कुलूप दाराला हाय. माणूस आत हाय."

पुढच्या वर्षभरात या बाईनं जे केलं, ते आठवलं की आजही मी थक्क होते. त्यांनी घरातला एकेक शब्द त्या मापाच्या हेलात बसवला. "लाभाऽऽ" म्हणायचं आणि त्याला जोडून "नीऽऽरु", म्हणजे पाणी. दिवसातून कितीतरी वेळा, पाण्याचा पेला समोर धरून, न कंटाळता. काकांच्या तोंडून पहिलं "नीरु" यायला कितीतरी आठवडे गेले. मग दूध आलं, भाकरी आली, 'पुरे' आलं, 'दुखतंय' आलं. बोलून काहीच येत नसे, सगळं गाऊन. आक्का भांडी घासता घासता नवीन ओळी जुळवायच्या. सकाळी मी कुलूप लावून शाळेत निघाले की समोरून हाक यायची, "ए बाई, तशीच जाऊ नगंस. ह्यांना गाऊन सांग, कुटं चाललीस." मी गणिताची शिक्षिका, जन्मात कधी गायले नव्हते. पण जिन्यात उभी राहून मी "शाळेला जातेऽऽ" असं गायचे आणि काका त्याच चालीत "याऽऽ" म्हणायचे. दूधवाला गायचा. वरच्या मजल्यावरचे एक अतिशय गंभीर चेहऱ्याचे वकीलही, इकडे तिकडे बघून, एक ओळ गाऊन खाली उतरायचे.

दुपारी त्यांच्या दारात आता चार बायका जमू लागल्या. कुणी धान्य निवडायला घेऊन यायचं, कुणी नुसतंच. आक्कांची बातम्यांची भूक तीच होती, फक्त त्या बातम्या आता आमच्याकडून घ्यायच्या. चार नंबरच्या मुलाचा ताप उतरला का, कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईची सून माहेरून आली का. नुसतं ऐकून थांबायच्या नाहीत. ताप म्हटलं की संध्याकाळी पेज घेऊन हजर. मी एकदा वाद घातला. म्हटलं, "आक्का, जगात काय चाललंय ते माणसाला कळायला नको का?"

"कळू दे की. तुज्यासारखी शिकलेली हायत, त्यांनी बघावं. माझं आपलं सोपं हाय. जितं माझे पाय पोचत न्हाईत, तितली बातमी मला सोसत न्हाई. रडून घेते नुसती, आणि रडले म्हंजे काय तरी केलं असं वाटतं. केलेलं काय नसतं."

त्यांचं म्हणणं मला आजही पूर्ण पटलेलं नाही. पण त्या दिवसापासून सुट्टीच्या दुपारी त्यांच्याकडे जाताना मी फोन घरी ठेवून जाऊ लागले.

एक प्रसंग सांगायलाच हवा. काकांच्या पिढीतला नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. चाळीस वर्षं त्यांनी आक्कांना "ए", "ऐकलं का" असंच बोलावलं होतं. एका रविवारी दुपारी आम्ही सगळ्या दारात बसलो होतो, आक्का आत चहा टाकत होत्या. काकांना उन्हाची तिरीप लागत होती आणि पडदा ओढून हवा होता. त्यांनी दोन-तीनदा तोंड उघडलं, मिटलं. मग डोळे बंद करून, लांब हेल काढून त्यांनी म्हटलं, "गिरिजाऽऽ."

आमच्या हातातली सुपं थांबली. आक्का स्वयंपाकघराच्या दारात आल्या, हातात पकड तशीच. चेहरा लालबुंद. "अय्यो, शिव शिव! चारचौघींत नाव घ्यायलेत बघा," असं म्हणत त्यांनी पडदा ओढला, आणि मग पडद्याकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या.

त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांना दुसरा झटका आला आणि त्यात ते गेले. सकाळी चहा पिऊन खुर्चीत बसले होते, तसेच गेले. या वेळी आक्का शेजारीच होत्या. हात हातात होता.

दिवसकार्य उरकल्यावर मुलानं आईला पुण्याला चल म्हणून खूप आग्रह केला. त्या तयार होईनात, तेव्हा एकटीला करमणूक हवी म्हणून त्यानं भला मोठा नवीन टीव्ही आणून भिंतीवर लावून दिला. आक्कांनी त्याचं मन मोडलं नाही. मला मात्र काळजी वाटत राहिली. रोज संध्याकाळी शाळेतून येताना मी जिन्यात थांबून कानोसा घेत असे, की आतून बातम्यांचा आवाज येतोय का. घर गप्प असायचं. त्या गप्पपणाचीही मला भीती वाटू लागली होती.

महिन्याभरानं नाझनीन भेटायला आली. थोडा वेळ रडली. निघताना आक्कांनी तिला दारात अडवलं.

"तुज्याकडं आनखी कितीजण हायत गं, बोलणं गेलेले?"

"बहुत हैं, आक्का. का बरं?"

"त्यांची गाणी कोण हुडकतंय?"

आक्कांनी चपला घातल्या.

तेव्हापासून त्या आठवड्यातून दोन दिवस रिक्षा करून दवाखान्यातल्या तिच्या केंद्रावर जातात. पेशंटला नाझनीन बघते, आक्का घरच्यांना बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतात, "ह्या माणसाच्या कानावर जनमभर काय पडत आलं?" तेलुगू बोलणाऱ्या एका विणकर आजोबांच्या नातीला त्यांनी घरी पिटाळलं, आजी लहान मुलांना कुठली गाणी म्हणायची ते विचारून यायला. एका बस कंडक्टरसाठी स्टॉपची नावं ओळीनं पाठ करून गेल्या. कित्येकदा काही होत नाही. एक निवृत्त शिक्षिका होत्या. आक्का त्यांच्याशेजारी चार महिने पाढे म्हणत बसल्या, शेवटपर्यंत एक आकडा आला नाही. एकदा तिथून परतल्यावर जिन्यात आक्का मला म्हणाल्या, "किल्ली सापडली न्हाई मला." आणि पुढल्या खेपेला परत गेल्या.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले होते. सांगोल्याकडचे एक धनगर आजोबा आले होते. उंच, वाळलेले, पांढरं पागोटं मांडीवर ठेवून शून्यात बघणारे. सहा महिन्यांत तोंडातून अक्षर नव्हतं. त्यांची म्हातारी कोपऱ्यात जमिनीवर उकिडवी बसली होती. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसेना.

आक्का तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. "आजी, ह्यांना गाणीबिणी येत हुती का?"

"न्हाई बया. गानं कुटलं? रानात मेंढरामागं जलम गेला."

"मग मेंढरं लांब गेली तर कशी बोलवायचे?"

म्हातारी लाजली. "हितं? दवाखान्यात?"

"हितंच."

म्हातारीनं सगळीकडे एकदा बघून घेतलं. मग पदर तोंडाशी धरून, दबक्या आवाजात तिनं हाक घातली, "हुर्रर्र... याऽऽ... याऽऽ..."

आजोबांची मान वळली.

"आजी, मोट्यानं," आक्का म्हणाल्या. "रानात हाय असं समजा."

म्हातारीनं पदर सोडला. दुसरी हाक तिनं अशी मारली, की बाहेरच्या ओळीतली माणसं दारात आली. आजोबांचे ओठ थरथरले. गळ्याची शीर ताठ झाली. नुसता वारा आला, मग खरखर आली, आणि मग त्या वाळलेल्या छातीतून आवाज फुटला, "हुर्रर्रर्र... याऽऽऽ!" खोलीच्या काचा झणझणल्या. दवाखान्यात ओरडू नका सांगायला आलेली नर्स दारातच थबकली. आजोबा खुर्चीचे हात धरून पुढं वाकले आणि पुन्हा बोलावू लागले, दूरवर पांगलेल्या कुणाकुणाला गोळा करत असल्यासारखे, "याऽऽ... याऽऽ... याऽऽ..."

नाझनीन रडत होती. आक्का ओठ घट्ट मिटून, जमिनीवर बसल्या बसल्या आजोबांच्या पावलावर हात ठेवून होत्या.

कोपऱ्यातली म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे चालू लागली.

"आले की," ती म्हणाली, "आले, आले."